लेकीला शेंगदाण्याची ॲलर्जी: रक्ताच्या अहवालात आलेले बाकीचे पदार्थही बंद करावेत का?

गोदाकाठ, नाशिक

नमस्कार. माझी मुलगी चार वर्षांची असून तिचे वजन १४ किलो आहे. दोन महिन्यांपूर्वी संकष्टीला तिने दाण्याच्या लाडवाचा जेमतेम एक घास खाल्ला आणि पंधरा मिनिटांच्या आत तिचे ओठ सुजले, पाठीवर व पोटावर गांधी उठल्या, पाठोपाठ दोन उलट्या झाल्या. घरात सर्वांना वाटले की पित्त उठले आहे, म्हणून सासूबाईंनी आमसुलाचे पाणी तिच्या अंगाला चोळले. पण थोड्याच वेळात कोरडा खोकला लागला आणि आवाज घोगरा झाला, तेव्हा आम्ही तिला उचलून जवळच्या रुग्णालयात नेले. तेथे मांडीत इंजेक्शन देऊन, सलाइन लावून रात्रभर ठेवून घेतले. सकाळी घरी सोडताना "यापुढे शेंगदाणे देऊ नका", एवढीच सूचना मिळाली. पुन्हा असे घडले तर काय करायचे, हे कोणी सांगितले नाही.

त्यानंतर एका ओळखीच्या गृहस्थांच्या सांगण्यावरून आम्ही प्रयोगशाळेचे ॲलर्जीचे मोठे पॅकेज करून घेतले. अहवालात शेंगदाण्यासमोर १८ हा आकडा आहे. त्याशिवाय काजू २.४, गहू १.१, तूरडाळ ०.९, हरभरा ०.८, तीळ ०.७, गाईचे दूध ०.६ आणि वांगे ०.५, असे सगळेच 'पॉझिटिव्ह' आले आहे. सोबत जोडलेल्या आहारतक्त्यात हे आठही पदार्थ सहा महिने पूर्णपणे बंद करण्यास सांगितले आहे. वास्तविक ती या आजारपणाआधी रोज पोळी आणि तुरीचे वरण खात होती, दोन वेळा दूध पीत होती, आणि संक्रांतीला तिने तिळाच्या वड्याही खाल्ल्या होत्या. तेव्हा कधी काही झाले नव्हते. काजू मात्र तिने निवडून बाजूला काढले आहेत, खाल्ल्याचे आठवत नाही. तक्ता पाळायला सुरुवात केल्यापासून ती मूगडाळीची खिचडी, भाकरी आणि केळी एवढ्यावरच आहे, चिडचिडी झाली आहे आणि वजन वाढलेले नाही.

हे सगळे पदार्थ खरोखर बंद ठेवावेत का, त्वचेवरची चाचणी वेगळी करून घ्यावी का, आणि घरात कोणती तयारी ठेवावी? धाकटा मुलगा सहा महिन्यांचा झाला आहे, त्याचे उष्टावण झाले आहे. त्यालाही शेंगदाण्यापासून दूर ठेवायचे का, यावर घरात दोन तट पडले आहेत. अनुभवी पालकांनी आणि जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

भुईकोट, सोलापूर

ताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि ॲलर्जी असलेली बरीच मुले माझ्याकडे येतात. मुलीला न तपासता उपचार सांगणे योग्य होणार नाही, पण अहवाल कसा वाचावा हे मोकळेपणाने सांगता येईल, कारण तुमच्यासारखे अहवाल हातात घेऊन आलेले पालक मी जवळपास दर आठवड्याला पाहतो.

या चाचणीत एखाद्या पदार्थाविरुद्ध रक्तात तयार झालेली आयजीई नावाची प्रतिपिंडे मोजतात. आकडा ०.३५ च्या वर गेला की अहवालावर 'पॉझिटिव्ह' छापून येते. शरीराने त्या पदार्थाची नोंद घेतली आहे, एवढेच त्यावरून कळते. तो पदार्थ खाल्ल्यावर त्रास होईल की नाही, हे त्यावरून ठरत नाही. कर्नाटकात प्रौढांची एक मोठी पाहणी झाली होती आणि तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यात २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या खाद्यपदार्थाविरुद्ध ही प्रतिपिंडे सापडली, मात्र ज्यांना खरोखर ॲलर्जी असावी असे म्हणता येईल, असे लोक १.२ टक्केच निघाले. म्हणजे नुसत्या अहवालावर विसंबून त्या सर्वांची ताटे रिकामी केली असती, तर बहुतेकांना विनाकारण उपाशी ठेवल्यासारखे झाले असते. गवताच्या परागकणांची ॲलर्जी असलेल्या माणसाच्या रक्तात गहूही 'पॉझिटिव्ह' दिसू शकतो, कारण दोन्हींतील काही घटक एकमेकांसारखे असतात. शेंगदाणा हा तूर-हरभऱ्याच्याच कुळातला असल्यामुळे डाळींच्या बाबतीतही तसेच होते.

त्यामुळे तुमची मुलगी जी पोळी, जे वरण आणि जे दूध आजारपणाआधी रोज पचवत होती, त्यांचा निकाल तिच्या ताटातच लागलेला आहे. प्रयोगशाळेने तो बदलण्याचे कारण नाही. तिळाच्या वड्यांचेही तेच. वांग्याबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही, पण भरले वांगे किंवा भरीत ती यापूर्वी खात असेल तर तेही यादीतून खोडावे. उलट सहज पचणारा पदार्थ कित्येक महिने बंद ठेवण्यात धोका असतो. विशेषतः ज्या मुलांना इसब आहे, त्यांच्यात असा बंद ठेवलेला पदार्थ पुन्हा सुरू करताना पूर्वी नसलेली तीव्र प्रतिक्रिया उमटल्याची उदाहरणे आहेत. मुलीला इसब असेल तर गहू आणि दूध आपल्या मनाने सुरू न करता या आठवड्यातच डॉक्टरांना भेटून, त्यांच्या सल्ल्याने सुरू करावे. त्यात दिरंगाई करू नये.

शेंगदाण्याची गोष्ट वेगळी आहे. घास घेतल्यापासून पंधरा मिनिटांत त्वचा, पोट आणि श्वसनमार्ग अशा तिन्ही ठिकाणी लक्षणे उमटली. हे पित्त नव्हते, ही ॲनाफिलॅक्सिस म्हणजे सर्व शरीराला व्यापणारी तीव्र ॲलर्जी होती, आणि मांडीत दिलेले इंजेक्शन बहुधा ॲड्रेनलिनचे, म्हणजे अशा वेळी जीव वाचवणाऱ्या औषधाचे असावे. डिस्चार्ज कार्डावर त्याची नोंद असेल, ती पाहून ठेवा. असा इतिहास आणि त्याला जोडून १८ हा आकडा असेल तर निदानाबद्दल फारशी शंका उरत नाही. मुलांमधील जुन्या अभ्यासांत शेंगदाण्यासाठी १४ ते १५ च्या पुढचा आकडा असल्यास ॲलर्जी असण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के धरली गेली आहे. मात्र आकड्यावरून शक्यता कळते, तीव्रता कळत नाही. आकडा ३ असलेले मूल गंभीर होऊ शकते आणि ६० असलेल्या मुलाला नुसत्या चार गांधी उठू शकतात. "आकडा कमीच आहे" किंवा "आकडा फार मोठा आहे" या दोन्ही वाक्यांवर घरातील निर्णय घेऊ नयेत.

खरा प्रश्न उरतो तो काजूचा. तो तिने कधी खाल्लेला नाही आणि २.४ हा आकडा धड इकडचाही नाही आणि धड तिकडचाही नाही. तज्ज्ञांनी तपासेपर्यंत काजू आणि त्याबरोबर पिस्ताही टाळावा, कारण या दोघांतील प्रथिने इतकी मिळतीजुळती आहेत की एकाची ॲलर्जी असलेल्याला बहुधा दुसऱ्याचीही असते. त्वचेवरची चाचणी उपयोगाची आहे ती याच पदार्थांसाठी. तीव्र प्रतिक्रियेनंतर लगेच ती केली तर खोटा दिलासा मिळू शकतो, म्हणून साधारण चार ते सहा आठवडे थांबतात. तुमच्या बाबतीत तो काळ उलटून गेला आहे.

जाता जाता एक सांगतो. काही ठिकाणी आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांची शंभर-दोनशे पदार्थांची तपासणी 'फूड इनटॉलरन्स' या नावाखाली विकली जाते. आयजीजी वाढलेले असणे म्हणजे तो पदार्थ माणूस खातो, इतकेच. युरोपातील आणि अमेरिकेतील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ॲलर्जीच्या निदानासाठी ही तपासणी करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. तिच्यावर पैसे घालवू नका.

ऑरेंज सिटीतली आई, नागपूर

ताई, माझ्या मुलाला शेंगदाणा आणि अक्रोड या दोन्हींची ॲलर्जी आहे. तो आता तिसरीत आहे. भुईकोट यांनी अहवालाबद्दल सांगितले आहे, मी चाचण्यांच्या वेळी मुलाला कसे सांभाळावे आणि घरात औषध कसे ठेवावे, याबद्दल लिहिते.

त्वचेच्या चाचणीआधी डॉक्टर सेटिरिझिनसारखी ॲलर्जीची औषधे साधारण आठवडाभर बंद करायला सांगतात. सर्दी-खोकल्याच्या पातळ औषधांतही ती असतात, त्यामुळे घरातील प्रत्येक बाटलीची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवून घ्या, नाहीतर चाचणी वाया जाते. प्रत्यक्ष चाचणीत हाताच्या आतल्या बाजूला पेनाने खुणा करून प्रत्येक खुणेवर एकेका अर्काचा थेंब ठेवतात आणि त्या थेंबातून बारीक टोकाने त्वचा नुसती टोचतात. रक्त येत नाही. एक थेंब साध्या मिठाच्या पाण्याचा असतो, त्यावर काहीच उठू नये. दुसरा हिस्टामिनचा, म्हणजे ॲलर्जीत गांधी उठवणाऱ्या द्रव्याचा असतो, त्यावर डास चावल्यासारखी गांधी उठलीच पाहिजे. मग पंधरा-वीस मिनिटे थांबून प्रत्येक गांधीची रुंदी पट्टीने मोजतात आणि मिठाच्या पाण्याच्या खुणेपेक्षा किमान ३ मिलिमीटर मोठी असेल तर ती 'पॉझिटिव्ह' धरतात. मुलांना टोचण्याचा त्रास फारसा होत नाही, पण ती पंधरा मिनिटे खाजवायचे नाही, हे मात्र त्यांना भारी जाते. माझ्या मुलाला मी मांडीवर बसवून त्याचा दुसरा हात माझ्या हातात धरून ठेवला होता आणि डॉक्टरांची परिचारिका त्याच्या खुणांवर कागदाने वारा घालत होती. कोणत्या खुणेवर काय आहे हे त्याला आधी सांगितले असते तर त्याने 'शेंगदाण्याची' खुण बघून रडायला सुरुवात केली असती, म्हणून आम्ही सगळ्या खुणांना क्रमांकच दिले.

काजूसारखा अधांतरी पदार्थ असेल तर शेवटचा शब्द रुग्णालयात तो पदार्थ खाऊन पाहण्याच्या चाचणीचा असतो. आमच्याकडे अक्रोडासाठी नव्हे, पण बदामासाठी ती करावी लागली. मूल पूर्ण बरे असताना, दम्याचा त्रास नसताना दाखल करतात, हाताशी ॲड्रेनलिन भरून ठेवतात, आणि कुस्करलेल्या केळ्यात मिसळलेली बदामाची पूड अगदी कणभर देऊन, दर वीस-तीस मिनिटांनी मात्रा वाढवत नेतात. शेवटच्या घासानंतरही काही तास देखरेखीत ठेवतात. सबंध दिवस त्यात जातो. गोष्टींची पुस्तके, आवडती ताट-वाटी आणि कपड्यांचा जास्तीचा जोड बरोबर ठेवा, आणि दुसऱ्या बाळाला त्या दिवशी घरीच ठेवण्याची सोय करा. बदाम त्याला पचला, तेव्हापासून तो आमच्या घरात आहे, आणि चाचणीनंतर डॉक्टरांनी तो आठवड्यातून काही वेळा नियमित द्यायला सांगितला आहे.

आता औषधाबद्दल. परदेशात ॲड्रेनलिनचे तयार पेन मिळते, मांडीवर दाबले की आपोआप मात्रा जाते. आपल्याकडे ते औषधाच्या दुकानात सहजासहजी मिळत नाही आणि मागवले तर फार महाग पडते. आमच्या डॉक्टरांनी ॲड्रेनलिनच्या काचेच्या कुप्या, १ मिलिलिटरच्या सिरिंजा आणि योग्य लांबीच्या सुया लिहून दिल्या. औषध स्वस्त आहे, मात्र वापरायला शिकावे लागते. इन्सुलिनच्या सिरिंजेवर जाऊ नका, तिची सुई आखूड असते आणि औषध स्नायूत पोहोचत नाही. कुपीत १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम औषध असते आणि मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोला ०.०१ मिलिग्रॅम असते. म्हणजे तुमच्या मुलीच्या वजनाला ती साधारण ०.१४ मिलिलिटर होईल, पण हा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या आणि दर सहा महिन्यांनी वजन करून बदलून घ्या. इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध द्यायचे असते, गरज पडली तर पातळ कपड्यावरूनही. मुदत संपलेल्या कुप्या फेकून न देता त्यांवर आम्ही कुपी फोडण्याचा सराव करतो आणि सुई टोचण्याचा सराव संत्र्यावर. नवरा, मी आणि आमच्या वरच्या मजल्यावरचे काका, तिघांनाही ते जमते. कुप्या उजेडापासून आणि उष्णतेपासून जपाव्या लागतात, आणि नागपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या डब्याचे काय होते ते सांगायला नको, म्हणून डबा नेहमी आमच्या अंगाबरोबर फिरतो.

वेळ आली तर क्रम असा ठेवा, की खोकला, घोगरा आवाज, धाप, पुन्हा पुन्हा उलट्या किंवा मलूलपणा यांपैकी काही दिसताच आधी ॲड्रेनलिन, मग १०८ ला फोन. सेटिरिझिन गांधींची खाज कमी करते, श्वास वाचवत नाही. मुलाला आडवे झोपवून पाय उंचावर ठेवावेत आणि दम लागत असेल तर बसते ठेवावे, पण उचलून उभे करू नये किंवा चालवत नेऊ नये. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरी मात्रा देण्याबद्दलही डॉक्टरांकडून लेखी घेऊन ठेवा. बरे वाटू लागले तरी रुग्णालयात जायचेच, कारण काही तासांनी लक्षणे पुन्हा उलटू शकतात.

निवृत्त मुख्याध्यापिका, सातारा

बाळ, वाचून काळजी वाटली. माझा या विषयाचा अभ्यास नाही, पण आमच्या वाड्यात एका नातवाला गाईच्या दुधाने अंगावर उठायचे. त्याच्या आजीने त्याला रोज थोडे थोडे दूध तापवून, भाकरीत कालवून देऊन सवय लावली आणि पुढे तो दूध पिऊ लागला. शेंगदाण्याचेही तसेच रोज चिमूटभर कूट देऊन सवय लावता येणार नाही का? आपल्या भागात शेंगदाण्याशिवाय स्वयंपाक होणे कठीण आहे, आणि मुलीला जन्मभर सासर-माहेरचे ताट तपासत बसावे लागेल, म्हणून विचारते.

भुईकोट, सोलापूर

मॅडम, तुम्ही विचारले हे बरे झाले, कारण हाच विचार पुष्कळ घरांत मनातल्या मनात चाललेला असतो आणि कोणी विचारत नाही. दुधाच्या बाबतीत तुमच्या शेजाऱ्यांचे निरीक्षण बरेचसे खरे आहे. दूध आणि अंड्याची ॲलर्जी बऱ्याच मुलांत वयानुसार मावळते, आणि ती असलेल्यांपैकी बहुसंख्य मुलांना पिठात मिसळून भाजलेल्या पदार्थातील दूध किंवा अंडे पचते. शेंगदाण्याची ॲलर्जी साधारण पाचांतल्या एकाच मुलात मावळते. त्याहून महत्त्वाची बाब अशी, की चिमूट म्हणजे किती, हे घरी मोजता येत नाही. ज्याला सवय लावण्याची पद्धत म्हणतात ती मिलिग्रॅममध्ये चालते, पहिली मात्रा आणि प्रत्येक वाढ रुग्णालयाच्या देखरेखीत होते, आणि अमेरिकेत याच कामासाठी शेंगदाण्याच्या पुडीला जानेवारी २०२० मध्ये औषध म्हणून मान्यता मिळाली, तीही वय ४ ते १७ या मुलांसाठी. त्या मुलांतही उपचार चालू असताना तीव्र प्रतिक्रिया उमटतात. काल पचलेली मात्रा आज ताप असताना किंवा पळापळी केल्यानंतर पचत नाही, हे त्या उपचारात वारंवार दिसते. ॲनाफिलॅक्सिस होऊन गेलेल्या मुलीवर ते घरी करून पाहू नये.

धाकट्या भावाच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूचा आहे. ॲलर्जी जडण्याआधी बाळाला शेंगदाणा चारणे आणि ती जडल्यानंतर चारणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. लंडनमध्ये ४ ते ११ महिन्यांच्या ६४० बाळांवर एक अभ्यास झाला आणि २०१५ साली प्रसिद्ध झाला. या बाळांना तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी होती, म्हणजे धोका आधीच जास्त होता. ज्यांना शेंगदाणा नियमित दिला, त्यांच्यापैकी पाचव्या वर्षी सुमारे ३ टक्क्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली. ज्यांना तो दिलाच नाही, त्यांच्यात ते प्रमाण सुमारे १७ टक्के होते. या अभ्यासाची कल्पना एका तुलनेतून सुचली होती. इस्रायलमध्ये शेंगदाण्याचा फुगवलेला खाऊ तान्ह्या बाळांना सर्रास देतात आणि तेथील ज्यू मुलांत ही ॲलर्जी ब्रिटनमधील ज्यू मुलांच्या तुलनेत दहापटीने कमी आढळली होती. त्याच्या आधी, २००० सालापासून, अमेरिकेत धोका असलेल्या मुलांना तिसऱ्या वर्षापर्यंत शेंगदाणा देऊ नका असे सांगितले जात होते. तो सल्ला २००८ साली मागे घेतला गेला. आपल्याकडे 'जड पदार्थ, दात येईपर्यंत नको' असे म्हणतात, ते आख्ख्या दाण्याच्या बाबतीत अगदी बरोबर आहे, कारण तो श्वासनलिकेत अडकू शकतो. वस्त्रगाळ कूट नाचणीच्या सत्त्वात पातळ करून देण्यास मात्र हरकत नाही.

ताई, तुमच्या बाळाला इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर प्रथम डॉक्टरांना दाखवा आणि पहिला घास त्यांच्यासमोर द्या. नसेल तर घरी, दिवसाच्या वेळी, बाळ बरे असताना थोडेसे देऊन पाहा आणि पचले तर आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवा. अडचण एकच, घरात मोठ्या मुलीला त्याच कुटाचा धोका आहे. बाळाचे ते खाणे मोठी झोपलेली असताना किंवा बालवाडीत गेलेली असताना उरका, त्याची वाटी-चमचा वेगळा ठेवा आणि भरवून झाल्यावर बाळाचे तोंड आणि स्वतःचे हात साबणाने धुवा. नुसते पाणी किंवा सॅनिटायझर शेंगदाण्याची प्रथिने काढत नाही.

स्लाउकर, इंग्लंड

मुलगी इथेच जन्मली, वय सात, तिला शेंगदाणा, काजू आणि पिस्ता वर्ज्य आहे. दर उन्हाळ्यात आम्ही दीड महिना कोल्हापूरला आई-बाबांकडे येतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचे सांगतो.

इकडे पद्धत सोपी करून ठेवली आहे. दोन ॲड्रेनलिन पेने नेहमी मुलीबरोबर असतात, शाळेकडे डॉक्टरांनी भरलेला एक पानी तक्ता असतो आणि २०१७ पासून शाळांना स्वतःची राखीव पेनेही ठेवता येतात. ऑक्टोबर २०२१ पासून दुकानात बनवून तिथेच गुंडाळून ठेवलेल्या सँडविचवरही सगळे घटक लिहावे लागतात. याचा अर्थ काळजी संपली असा नाही, पण कोणाला किती समजावून सांगायचे याचे ओझे कमी होते.

कोल्हापुरात ते ओझे आमच्यावर येते आणि ते आम्ही कागदावर उतरवले. त्या एक पानी तक्त्याचे आईला वाचता येईल असे मराठी करून, मोठ्या अक्षरात छापून, फ्रिजवर आणि देवघराच्या दारावर चिकटवला आहे. देवघराच्या दारावर कारण प्रसाद तिथूनच वाटला जातो. पहिल्या वर्षी आईला वाटायचे की सून उगाच बाऊ करते. भाचीच्या बारशाला कोणीतरी मुलीच्या हातात पंचामृताची वाटी ठेवली, आणि त्यात तीळ-चिंचेबरोबर दाणे होते. ते आईनेच पाहिले आणि वाटी काढून घेतली. त्या दिवसापासून चौकशी करण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले आहे आणि आम्ही गप्प बसतो. मला वाटते, घरातील ज्येष्ठांना "हे करू नका" असे सांगण्यापेक्षा एक जबाबदारी सोपवणे अधिक उपयोगी पडते. सासूबाईंना ताई तुम्हीही ते काम देऊन पाहा.

शेंगदाणा कुठे लपतो ते तुम्हाला सांगणे खरोखर अवघड आहे, कारण तुम्हीच तो रोज घालता. कोशिंबीर, भरली वांगी, वडापावबरोबरची लसणीची चटणी आणि पोह्यांवर टाकलेले दाणे हे डोळ्यांसमोरचे. डोळ्यांआड राहतात ते म्हणजे मिक्सरचे भांडे, चटणीचा चमचा आणि चिवडा तळलेले तेल. आई दाण्याचे कूट करते ते मिक्सरचे भांडे आम्ही तिथे असताना माळ्यावर जाते आणि दुसरे खाली येते. मिठाईच्या दुकानातील सुटे पदार्थ आम्ही घेतच नाही. तिथे एकाच सुरीने काजूकतली आणि दुधी हलवा कापतात, आणि दुकानदाराला विचारले तर तो आपुलकीने "काही होत नाही, ताजे आहे" म्हणतो. पाकिटावरच्या मजकुराबद्दल: भारतातील २०२० च्या लेबल नियमांनुसार शेंगदाणा, सुकामेवा, दूध, अंडे, मासे, सोयाबीन, ग्लूटेनयुक्त धान्ये इत्यादी घटक असल्यास तसे स्पष्ट लिहावे लागते, पण तीळ त्या सक्तीच्या यादीत नाही. ज्यांच्या मुलांना तिळाची ॲलर्जी आहे त्यांनी घटकांची पूर्ण यादी वाचावी. तुमच्या मुलीला तीळ चालतो, त्यामुळे तुम्ही सुटलात.

बालवाडीबद्दल एवढेच, की डब्याची देवघेव बंद ठेवा आणि वाढदिवसासाठी शिक्षिकेकडे तिचा वेगळा खाऊचा डबा आधीच देऊन ठेवा. मुलांना वगळले गेल्यासारखे वाटते ते बहुतेक वाढदिवसाच्या दिवशीच.

गोदाकाठ, नाशिक

सर्वांची मनापासून आभारी आहे. मुलीला इसब नाही आणि भरीत ती आवडीने खायची, त्यामुळे उद्याच पोळी-वरण सुरू करण्याआधी आमच्या डॉक्टरांना फोन करून विचारते आणि काजूसाठी ॲलर्जीतज्ज्ञांची वेळ घेते. डिस्चार्ज कार्ड काढून पाहिले, ॲड्रेनलिनच दिले होते.

एक गोष्ट विचारायची राहिली. आमच्याकडे गेल्या वर्षापासून लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल वापरतात आणि सासरे त्याबाबत फार आग्रही आहेत. तेलात दाणे नसतात, मग ते चालेल का? गेल्या दोन महिन्यांत मुलीच्या भाजीत तेच तेल होते आणि तिला काही झालेले दिसले नाही.

भुईकोट, सोलापूर

थांबवा. ॲलर्जी तेलाची नसते, शेंगदाण्यातील प्रथिनांची असते. रिफाइंड तेल उष्णता आणि रसायनांच्या प्रक्रियेतून जाते, तेव्हा त्यात प्रथिने जवळजवळ उरत नाहीत आणि बहुतेक ॲलर्जी असलेल्यांना ते चालते. लाकडी घाण्याचे तेल नुसते दाबून काढून निवळलेले असते, त्यात प्रथिनांचे अंश राहतात आणि प्रत्येक खेपेला त्यांचे प्रमाण वेगळे असते. दोन महिने काही झाले नाही ते कदाचित निवळलेल्या वरच्या तेलामुळे असेल. डब्याच्या तळाचा गाळ असलेले तेल एखाद्या दिवशी तिच्या भाजीत आले तर काय होईल, हे सांगता येणार नाही.

सासऱ्यांचा आग्रह घाण्याच्या तेलाचा असेल तर करडईचे घ्या, पण घाणेवाल्याला एक प्रश्न विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी सकाळी शेंगदाणा आणि दुपारी त्याच घाण्यात करडई गाळली जाते, आणि मधे घाणा पुसण्यापलीकडे काही होत नाही. करडईसाठी वेगळा घाणा नसेल तर काजूच्या चाचणीचा निकाल येऊन तज्ज्ञांशी बोलणे होईपर्यंत सर्व कुटुंबासाठी रिफाइंड सूर्यफूल तेल आणा. दोन तेलांचे दोन डबे एका ओट्यावर ठेवू नका, घाईच्या वेळी हात चुकीच्या डब्याकडे जातो.